मावशीची चुंबळ

ही गोष्ट सांगायची मी कित्येक वर्षं टाळली. शिलाई मशीनवर वाकून माझी मान पुढे आली होती, खांदे गोल झाले होते. आमच्या परळच्या चाळीत मासे विकणाऱ्या मावशीने टोपलीखालची कापडाची चुंबळ माझ्या डोक्यावर ठेवली.

"भिंतीला पाठ लाव, हनुवटी आत, खांदे मागं. पडली तर बोंबील महाग लावीन!"

रोज ती माझ्यासाठी थांबायची. मान सरळ झाली. शेजाऱ्यांनी विचारल्यावर मासेवालीचं सांगायला लाज वाटली. "मोठ्या डॉक्टरांनी शिकवलं," मी म्हणालो. मागे तीच उभी होती, टोपलीखाली ताठ.

"हुशार हाय तुझा डॉक्टर," म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशीही आली.

आता ती येत नाही. "मावशी, चुकलो," असं मी भिंतीला टेकून रोज म्हणतो. तिच्यासमोर ते कधी तोंडातून निघालं नाही.