कुसुमवहिनी आणि पणजीची बोट

दुपारच्या पाळीचा भोंगा नुकताच झाला होता. फोरमन यंत्रांच्या रांगेतून माझ्याकडे येताना दिसला, तेव्हाच मी यंत्र बंद केलं. ऑफिसात फोनचा रिसीव्हर टेबलावर आडवा ठेवलेला होता. तो उचलायला मी बराच वेळ लावला असणार, कारण कारकून माझ्याकडे बघायला लागला. पलीकडे दादा होता. "श्रीपाद, ये," एवढंच म्हणाला. दहा दिवसांच्या काविळीत माझ्या वहिनी गेल्या होत्या. त्यांचं वय चाळीसही नव्हतं.

तेराव्याला बंगळूरच्या बसवनगुडीतल्या दादाच्या घरात पुष्कळ माणसं आली. कानडी शेजारणी, कारखान्यातली मराठी मंडळी, बेळगावचे नातेवाईक. प्रत्येकजण वहिनींच्या धीराबद्दल बोलत होता. कुणाचं बाळंतपण अडलं तर त्या मध्यरात्री चालत गेल्या, घरात नाग निघाला तेव्हा त्याच्यावर घमेलं पालथं घालून शांतपणे बसून राहिल्या. "कुसुमक्का कशाला म्हणून घाबरल्या नाहीत," शेजारच्या पद्मक्का पुन्हा पुन्हा सांगत होत्या, आणि मी मान डोलवत होतो. वहिनींना इतकं घाबरलेलं मी पाहिलं होतं, की आज सात वर्षांनीही ते आठवलं की माझे तळहात ओले होतात. ते घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि त्यात माझा हात किती होता, हे तर खुद्द वहिनींनाही कधी कळलं नाही.

मी चौदा वर्षांचा असताना, आई गेल्यावर, दादानं मला बेळगावहून बंगळूरला आणलं. तो सरकारी कारखान्यात ड्राफ्ट्समन होता, नुकतंच लग्न झालेलं. वहिनी मालवणकडच्या. कानडीचा गंध नव्हता, पण सहा महिन्यांत त्या भाजीवाल्याशी "स्वल्प कमी करा की" म्हणून घासाघीस करू लागल्या, आणि मराठीतसुद्धा प्रत्येक वाक्याच्या शेवटी त्यांचं "सरी", म्हणजे ठीक, यायला लागलं. मला त्या पहिल्या दिवसापासून "भाऊजी" म्हणाल्या. चौदा वर्षांच्या पोराला अहो-जाहो! माझ्या शर्टाची बटणं लावली, माझा रात्रशाळेचा अभ्यास घेतला, मला नोकरीला लावण्यासाठी दादाच्या मागे लकडा लावला. आईची आठवण मला हळूहळू कमी येऊ लागली ती त्यांच्यामुळे, हे सांगायला आज लाज वाटत नाही.

दादाला एकच वेड होतं, बोटीचं. समुद्रापासून लांब वाढलेल्या बेळगावच्या माणसाला ते कुठून लागलं देव जाणे. गोवा मोकळा झाला, मुंबई-पणजी बोटीची जाहिरात वर्तमानपत्रात आली, आणि त्यानं ठरवलं की पुढच्या मे महिन्यात सुट्टीला जायचं ते बोटीनंच. त्या आधी तो मद्रासहून अंदमानला जाणाऱ्या बोटीचे मनोरे रचत होता. पण त्या प्रवासाला रजा पुरेना. मग कोचीन झालं, मंगळूर झालं. रोज संध्याकाळी जेवणं झाली की तो ड्रॉइंगचा कागद जमिनीवर पसरायचा. त्यावर त्यानं स्वतःच्या हातानं सबंध पश्चिम किनारा काढला होता, बंदरं लाल शाईनं. सहा वर्षांची मंजू त्यावर पोट टेकून पडायची आणि एकेका ठिपक्यावर बोट ठेवून विचारायची, "इथून चढायचं? की इथून?"

वहिनी लांब बसून ऐकायच्या. एके दिवशी दादा म्हणाला, "कुसुम, सुचलं! मुंबईपर्यंत जायचं, तर बोट मालवणला धरू. तुझ्या माहेरच्या बंदरातून. दोन दिवस माहेरी राहा आणि तिथूनच चढू." त्याला वाटलं, ती हरखून जाईल.

"तिथून नको," वहिनी म्हणाल्या.

"का गं?"

"तिथे बोट किनाऱ्याला लागत नाही. लांब उभी राहते. पडावातून जावं लागतं."

पडाव म्हणजे वल्ह्यांची मोठी होडी. माणसं त्यातून बोटीपर्यंत न्यायची आणि लाटेवर होडी वर आली की शिडी पकडायची. दादा हसला. "कोकणातली ना तू?" वहिनी उठल्या. त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि सकाळसाठी निवडून ठेवलेले तांदूळ पुन्हा निवडायला बसल्या.

शेवटी पणजीहूनच चढायचं ठरलं, आणि दुसऱ्या दिवशी दादा कामावर गेल्यावर त्यांनी मला गाठलं. चिकपेटेत एका कापडाच्या दुकानाच्या माडीवर बोटीच्या तिकिटांचा एजंट बसे. "भाऊजी, त्याला नीट विचारून या," त्या म्हणाल्या. "पणजीला बोट धक्क्याला लागते का? मधे होडी नाही ना? आणि मुंबईला उतरताना? मेच्या अखेरीसही लागते का, ते मुद्दाम विचारा. यांना सांगू नका." दादाची रजा पुढे ढकलली गेली होती, आणि महिनाअखेरीला पावसाळ्यासाठी बोटी बंद व्हायच्या, त्यामुळे आम्हाला मिळाली तर शेवटच्या आठवड्यातली बोट मिळणार होती. वहिनी शांतपणे बोलत होत्या, पण त्यांचा पदर त्यांनी मुठीत असा पिळला होता की मला हसू आलं... हो, हसू आलं. विशीतला होतो.

मी चिकपेटेत गेलो. माडी चढलो. तिथला नोकर म्हणाला, "ऊटक्के होगिद्दारे," साहेब जेवायला गेलेत, तासाभरानं या. खाली उतरलो तर कारखान्यातला मित्र भेटला. त्याच्याबरोबर सिनेमाला गेलो. संपला तेव्हा एजंटाकडे परत जायचा कंटाळा आला. घरी येऊन मी वहिनींना सांगितलं, "विचारलं. दोन्हीकडे धक्क्याला लागते. फळीवरून चालत जायचं."

"मेच्या अखेरीसही?"

"हो. अगदी खात्रीनं म्हणाला तो."

त्यांनी डोळे मिटले, मोठा श्वास सोडला. "मग सरी," म्हणाल्या. त्या दिवशी त्यांनी माझ्यासाठी रव्याचे लाडू केले.

बेळगावला चार दिवस राहून आम्ही पणजीला पोचलो. बोट सकाळची होती. धक्क्यावर ही गर्दी, ट्रंका, वळकट्या, आंब्याच्या करंड्या. नदी गढूळ आणि फुगलेली, आकाश कळकट, वारा असा की बायकांना पदर सावरता येईना. धक्क्याला बोट नव्हतीच. थोड्या वेळानं एक कारकून पेटीवर चढून ओरडला, की नदीच्या मुखाशी रेती साठलीय आणि समुद्र खवळलाय, बोट आत येणार नाही. लाँच तुम्हाला बाहेर बोटीपर्यंत नेईल. मी गर्दीतून त्याच्याजवळ गेलो. "पण बोट इथे लागते ना?" "शेवटच्या आठवड्यात नेहमीच असं होतं," तो म्हणाला. "तुमच्या एजंटानं सांगितलं नाही?"

मी परत वळलो तेव्हा वहिनी माझ्याकडेच बघत होत्या. चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नव्हता. "भाऊजी... विचारलं होतं ना तुम्ही?"

"हो," मी म्हणालो.

लाँच धक्क्याला आपटत होती. दोन माणसं उतरणाऱ्या प्रत्येकाला बखोटीला धरून आत खेचत होती. लांब, नदीच्या मुखाशी, पांढऱ्या फेसाची एक आडवी रेघ दिसत होती आणि तिच्यापलीकडे बोट, कधी दिसे, कधी नाही. वहिनी त्या रेघेकडे बघत एकेक पाऊल मागे सरकत होत्या. त्या क्षणी मला कळलं की ही साधी भीती नव्हे, हिच्यामागे काहीतरी आहे, आणि मी ते तुडवलंय. मी ट्रंकेवर बसलो आणि मोठ्यानं म्हणालो, "दादा, मी येत नाही. मला भीती वाटते."

दादा आधी हसला, मग संतापला. "वीस वर्षांचा घोडा तू! ती सहा वर्षांची पोर नाचतेय बघ." लोक बघायला लागले. मी मान खाली घालून बसून राहिलो. "मी मरेन, पण चढणार नाही," म्हणालो. तेव्हा वहिनी म्हणाल्या, "भाऊजींना एकट्याला कसं सोडायचं? मी थांबते. सगळेच थांबू या." पण मंजूनं भोकाड पसरलं, लाँचवाले ओरडू लागले, आणि दादाचा तोल गेला. "तुम्ही दोघं रस्त्यानं या! आम्ही उद्या मुंबईला धक्क्यावर भेटतो." त्यानं मंजूला उचललं आणि तो लाँचमध्ये उतरला. वहिनी दोन पावलं पुढे धावल्या. "मंजूला ठेवा... अहो, मंजूला..." लाँच सुटली होती. वहिनींना वाचवायला म्हणून मी जे केलं, त्यानं त्यांची मुलगी त्या पाण्यावर एकट्या बापाबरोबर गेली.

बेळगावच्या बसमध्ये त्या खिडकीशी बसल्या. घाट लागला. मग बाहेर बघतच म्हणाल्या, "मी नऊ वर्षांची होते. धाकटा भाऊ पाच. बापू. बाबा आम्हाला मुंबईला नेत होते. बोटीजवळ गेल्यावर पडाव कलंडला. बापूचा हात माझ्या हातात होता."

मी म्हणालो, "सुटला असेल, वहिनी. एवढंसं वय तुमचं."

"सुटला नाही. सोडला." त्या पहिल्यांदा माझ्याकडे वळल्या. "पाण्यातून वर यायला दोन्ही हात लागतात, भाऊजी. मी सोडला. मला आठवतंय सोडलेलं. घरी मी सांगितलं, सुटला. सासरी आईनं सांगितलं, भाऊ तापानं गेला. यांना ठाऊक नाही. तुम्हीही सांगू नका."

मी शपथ घेतली. त्यानंतर बेळगाव, पुढची गाडी, पुणं, पुन्हा गाडी... त्या सबंध प्रवासात त्यांनी पाण्याचा घोट घेतला तेवढाच. त्या एकच गोष्ट सारखी विचारत होत्या, "यांनी तिला कडेवर घेतलं असेल, की हाताला धरलं असेल?"

मुंबईच्या धक्क्यावर पोचलो तेव्हा दुपारचे बारा वाजून गेले होते. बोट सकाळी यायची होती. दादा आमची वाट बघत बसला असेल, मंजू धावत येईल, असं मी मनात शंभरदा घोकलं होतं. धक्का रिकामा होता. "पणजीची बोट आली नाही अजून," खिडकीतला माणूस म्हणाला. कुठे आहे? त्याला माहीत नव्हतं. वारा आहे, एखाद्या खाडीत थांबली असेल. असेल म्हणजे? "म्हणजे असेल," तो म्हणाला आणि त्यानं खिडकी लावली.

एक वाजला, दोन वाजले, चार वाजले. वहिनी कठड्याला धरून उभ्या होत्या, बसायला तयार नव्हत्या. नातेवाईकांना घ्यायला आलेले लोक आधी गप्पा मारत होते, मग गप्प झाले. एक म्हातारी जप करू लागली. मी वहिनींपासून चार हात लांब उभा होतो, कारण जवळ गेलो असतो तर तोंडातून खरं बाहेर पडलं असतं. बोट बुडाली तर... मी तो विचार पुरा करत नव्हतो. मी एक तास माडीवर थांबलो असतो, तर आम्ही आज चौघं बंगळुरात असतो. एकदा तर मी कोपऱ्यात जाऊन ओकलो.

परत आलो तेव्हा वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, मला कळलंय. तुम्ही घाबरला नव्हता. माझ्यासाठी बोललात. सख्ख्या भावानं केलं नसतं." आणि त्यांनी मला हात जोडले. आयुष्यात मला त्याहून मोठी शिक्षा मिळाली नाही. मी मान दुसरीकडे वळवली.

उन्हं कलली आणि धूर दिसला. बोट धक्क्याला लागायला अजून एक तास गेला. दादा फळीवरून उतरला तो भिंतीसारखा पांढरा. बोट लागून, ओकून ओकून आतडी बाहेर आली होती. मंजूनं मात्र मासे पाहिले होते, खलाशांशी दोस्ती केली होती. वहिनी तिच्याकडे धावल्या नाहीत. त्या होत्या तिथेच, चिखलात, मांडी घालून बसल्या, आणि मंजू जवळ आली तेव्हा तिच्या पोटात तोंड खुपसून अशा आवाजात रडल्या की हमाल थांबून बघायला लागले. "अगं, काय हे, आलो की आम्ही," दादा म्हणत राहिला.

पुढची सात वर्षं घरात मी भित्रा ठरलो. पाहुणे आले की दादा ती गोष्ट रंगवून सांगायचा आणि सगळे हसायचे. वहिनी हसायच्या नाहीत. उठून आत जायच्या. आमच्यात त्यावर पुन्हा एक शब्द झाला नाही. चिकपेटेतला तो सिनेमा मी त्यांना सांगितला नाही. इस्पितळात शेवटच्या दिवशी त्या शुद्धीवर होत्या, मी पाऊण तास शेजारी बसलो होतो, तेव्हाही सांगितला नाही. त्यांच्या मनात मी चांगला होतो. तेवढं मला हवं होतं.

तेराव्यानंतर आठवड्यानं मी दादाकडे गेलो. मंजू आता तेरा वर्षांची आहे. तिलाही बसवून घेतलं. शपथ मोडली. बापू, पडाव, आणि माझा एजंट, सगळं सांगितलं. मंजू आईच्या बंद पेटीकडे बघत बसली. दादानं चष्मा काढला. तो मला मारेल असं मला वाटलं, आणि मारलं असतं तर बरं झालं असतं.

"त्या लाँचकडे बघून माझे पाय गळाले होते रे," तो म्हणाला. "मी परत फिरू या म्हणणार होतो. तोंड उघडलं होतं. तेवढ्यात तू बोललास... मग मला कसं बोलता येणार होतं?"

मग मी विचारलं, हे लिहू का. त्यानं मंजूकडे पाहिलं. मंजू म्हणाली, "लिहा काका. आणि माझ्या मामाचं नाव घाला. बापू."