तीन घरची अक्षरं

सरांचं गणिताचं पुस्तक आज दुकानात दिसलं. उघडलं आणि मीच जुळवलेलं समीकरण समोर आलं. मराठी फॉन्टमधलं बेरजेचं चिन्ह ओळीखाली घसरायचं, म्हणून ते मी दुसऱ्या फॉन्टमधून आणलं होतं, मोठा कंस तिसऱ्यातून. तीन घरची अक्षरं एका ओळीत अशी बसवली, की कुणीच परकं वाटू नये.

"तू आमच्या घरातलाच रे," सर म्हणायचे. आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिला. मला ते खरं वाटलं.

पहिल्या पानावर 'अक्षरजुळणी'पुढे त्यांच्या पुतण्याचं नाव आहे. तिथूनच फोन लावला, तर सर हसले. "अरे, तुझ्यासारख्या घरातल्याचे कसले आभार? पुतण्याला त्या नावाचा नोकरीसाठी उपयोग होईल."

कंस परक्या फॉन्टचा असला, तरी मी त्याला ओळीतून कधी काढलं नव्हतं.

पुस्तक घेतलं. आता पाय घराकडे वळत नाहीत. आईला वाचता येत नाही, पण पदवीच्या कागदावर बघून बघून माझं नाव तेवढं तिला ओळखता येतं. पुस्तक हातात घेतलं, की ती आधी तेच शोधेल.