आत्तींचा वर गेलेला हात

पुरुषमाणूस घरात आला की आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, पुढं होऊन त्याची कॉलर सारखी करायच्या. मुलगा, जावई, पाहुणा, कुणीही असो. नवी नवरी असताना मला वाटलं, काय माया आहे! मग कळलं, त्या तोंडाचा वास घेत होत्या. सासरे फौजेतून पेन्शनीत आले आणि कॅन्टीनच्या रमनं गेले. आत्ती तेवढंच सांगायच्या, "लय प्याला, मेला."

कराडजवळ हायवेला आमचं जेवणाचं हॉटेल होतं. गिऱ्हाईक यायचं, बसायची सोय आहे का विचारायचं आणि उठून जायचं. ह्यांनी परमिट रूमसाठी अर्ज केला. त्याला गावच्या महिला ग्रामसभेची संमती हवी होती. पण बायका येईनात, कोरम भरेना, सभा मोडायची. शेवटी हे आत्तींनाच म्हणाले, "आये, तुझं ऐकत्यात समद्या. घिऊन ये की."

"आणते," आत्ती म्हणाल्या.

आणि आणल्या की! कधी उंबऱ्याबाहेर न पडणाऱ्या म्हाताऱ्यासुद्धा आल्या. सरपंचबाईंनी विचारलं, "कुणाचा विरोध हाय का?" आमच्या घराच्या भिडेनं कुणी हलेना. तेवढ्यात आत्तींनी हात वर केला.

"आवं आक्का, तुमच्याच पोराचा अर्ज हाय ह्यो!"

"ठावं हाय. माझा मालक दारूनं गेला. दुसरीचा माझ्या पोराच्या हातनं जायला नगं."

मग सगळ्यांचेच हात वर गेले आणि अर्ज बारगळला.

त्या दिवसापासून हे मागच्या दारानं घरात येऊ लागले. आईशी एक शब्द नाही. हॉटेल बंद पडलं, हे लोणंदला कंपनीत लागले, रविवारी यायचे. मला आत्तींचा राग यायचा, खोटं कशाला सांगू? भाकरी थापताना विचारलंसुद्धा, "काय मिळवलंत, आत्ती?"

"बोलत न्हाई, पर जेवतूय न्हवं? बास झालं."

पुढं पुलापलीकडं, दुसऱ्या गावाच्या हद्दीत, परमिट रूम निघालीच. आमचं गाव तिकडं जाऊ लागलं. आत्तींना सांगितलं तर म्हणाल्या, "जाऊंदे. वतणारा माझा न्हाई."

गणपती उठल्यावर आत्ती झोपेतच गेल्या. मला रडू आलं नाही, अजून आलेलं नाही. माती सावडून आल्यावर हे सोप्यात बसले. मी पाणी नेऊन दिलं. तांब्या हातात धरून म्हणाले, "ह्या दिवाळीत बोलणार हुतो मी आयेसंगं."

मी म्हटलं, "पाणी प्या."