एक नंबरच्या होलसमोरची पट्टी

आमच्या मोठ्या साहेबांनी मला फसवलं. आधी माझं नाव गाळून, मग तेच नाव छापून.

नागापूरच्या एमआयडीसीत आमचं वर्कशॉप आहे. साखर कारखान्याचे मोठे पंखे थरथरायला लागले की कुठे किती वजन लावायचं ते आम्ही मोजून सांगतो. त्या दिवशी एका कारखान्याचे इंजिनिअर आले होते. आम्ही सांगितलेलं वजन लावून त्यांनी पंखा चालू केला आणि बेअरिंग फुटलं. साहेबांनी रिपोर्ट वर धरला. खाली माझं नाव, ठळक अक्षरात.

"फडावरून आलेली पोर आम्ही कॉम्प्युटरवर बसवली. चूक आमचीच आहे," साहेब म्हणाले.

पाहुणे हसले. आमचेही हसले. मी चहाचा ट्रे धरून उभी होते. प्यून रजेवर होता आणि खोलीत बाई मी एकटीच.

फड खरा आहे. पाथर्डीकडून आईबाप दर हंगामाला देवळाली प्रवराच्या बाजूला ऊस तोडायला यायचे. मी पाचटात बसून बेरजा केल्या. पुढे डिप्लोमा केला, प्रोग्रॅमिंग स्वतः शिकले. नोकरी धरताना घासाघीस केली ती एकाच गोष्टीची. माझं काम ज्या रिपोर्टात असेल त्यावर माझं नाव पाहिजे. साहेब म्हणाले, "टाकू की." दोन वर्षं टाकलं नाही. विचारलं की "पुढच्या वेळी." पहिल्यांदा टाकलं ते या रिपोर्टवर.

आमचा हिशेबाचा प्रोग्रॅम जुना, फोरट्रान नावाच्या जुन्या कॉम्प्युटर भाषेतला. कंपाइल केलेला, भरवशाचा, पण चालवायला किचकट. तो पायथन या नव्या भाषेतून सहज चालावा म्हणून त्याच्याभोवती मी रॅपर, म्हणजे दोन्ही भाषा जोडणारं कवच, लिहिला. अडचण होती कॉम्प्लेक्स नंबरची. पंखा किती हलतो आणि कोणत्या दिशेला, हे दोन्ही एकाच संख्येत असतं. म्हणून तिला दोन भाग. जुना प्रोग्रॅम असं उत्तर परत देतो तेव्हा पायथनला आधी सांगावं लागतं, की दोन आकडे येणार आहेत. साधा नंबर म्हणून घेतलं तर पहिला भाग हातात येतो, दुसरा तिथेच राहतो. एरर येत नाही. कॉम्प्युटर गप्प.

म्हणून मी मध्ये चौदा ओळी घातल्या होत्या. त्या दोन्ही भाग वेगवेगळे काढून घ्यायच्या. साहेबांनी त्या काढून टाकल्या. "एवढं लांबण कशाला? बेंचवर उत्तर तेच येतंय," म्हणाले. मी विरोध केला. "तू टायपिंग कर," म्हणाले.

बेंचवर, म्हणजे वर्कशॉपातल्या चाचणीच्या पंख्यावर, उत्तर तेच येणार. आमच्याकडे पहिल्यापासूनची पद्धत आहे. दिशा मोजायची चमकती पट्टी सगळे वजन लावायच्या होलांपैकी एक नंबरच्या होलसमोरच चिकटवतात, आणि चाचणीचं वजनही तिथेच लावतात. सगळं एका रेषेत, त्यामुळे दुसरा भाग शून्य. हरवला तरी कुणाला कळत नाही. कारखान्यात पंख्यावर काजळी. फिटरने जिथे पुसलं तिथे पट्टी लावली. तिथे बरीचशी गोष्ट दुसऱ्या भागात होती.

पाहुणे गेल्यावर साहेबांनी कागद पुढे केला. "चूक माझी, असं लिहून सही कर. तुला काढणार नाही."

मी बाहेर जाऊन आईला फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मुकादमानं कागद पुढं केला की आमी अंगठा दिला. काय लिवलंय ते कधी इचारलं न्हाई. तू वाचलंस ना? मग सही कशापायी?"

मी परत आत गेले. "सही करते. आधी मागचे सगळे रिपोर्ट माझ्या नावाने छापा."

"डोकं फिरलंय का तुझं?"

"मग बेंचवर चला."

बबनमामा आमचे सगळ्यात जुने फिटर. मी त्यांना पट्टी काढून पाव फेरा पुढे लावायला सांगितली. ते थबकले. "पोरी, हितली पट्टी आजवर कुनी हलवली न्हाई."

"म्हणूनच हलवा, मामा."

बेंच चालू केला. तेच आकडे दोनदा घातले. माझ्या चौदा ओळींसकट वजन निघालं मुठीत मावेल एवढं. साहेबांच्या कोडने निघालं ते मामांनी वाचलं आणि चष्मा काढला. "एवढं लावायचं तर वरून मानूस बसवावा लागंल, साहेब."

कुणी हसलं नाही. साहेब म्हणाले, "बेंचवर असले खेळ करायचे नसतात." आणि केबिनमध्ये गेले. दार लावून घेतलं.

कागद अजून माझ्या टेबलावर आहे, सही न केलेला. त्याच्याशेजारी मी दुसरा कागद ठेवलाय. कोडमधला प्रत्येक बदल कुणी केला ते कॉम्प्युटर टिपून ठेवतो. त्या चौदा ओळी गेल्या त्या ठिकाणी साहेबांचं नाव आहे. मी छापून घेतलं आणि एक प्रत कारखान्याला पाठवली.

मी राजीनामा देणार नाही. चहाचा ट्रे परत उचलणार नाही. साहेबांनी त्याच खोलीत, त्याच लोकांना बोलावून सांगावं, त्या ओळी कुणी काढल्या. माझ्याकडे बघून सांगावं. मी समोरच्या खुर्चीत बसून ऐकणार आहे.