मामांनी वाट पाहिलेली मुळी

नव्वदचं दशक सरत आलं होतं. मी कराडच्या एका फार्मसी कॉलेजात शिकवायची आणि माझ्या डोक्यात एक खूळ शिरलं होतं. पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीचा कॅन्सर वाढवणारं एक प्रथिन असतं. औषधी झाडपाल्यातलं कुठलं रसायन त्याच्या खाचेत बसतं, ते कंप्युटरवर ताडून बघायचं. यंत्र असं मठ्ठ, की एक रसायन लावून चहा पिऊन यावं, तरी त्याचं आपलं चाललेलंच!

सासर कुंडलचं. सासरे फौजेतून निवृत्त झालेले, मी त्यांना मामा म्हणायची. सासऱ्यानं सुनेशी बोलायचं ते भाकरी-कालवणापुरतं, ही घरची रीत. पण नवऱ्याला मी या कामाबद्दल सांगताना मामांनी ऐकलं आणि तेव्हापासून मी रोज कॉलेजातून घरी आले की हटकून विचारायचे, "पोरी, घावली का गं मुळी?" मला कोण आनंद! नवऱ्याला तरी कधी सुचलं होतं विचारायला?

शिमग्याच्या आदल्या दिवशी मी दारातूनच ओरडले, "मामा, घावली! आपल्या सराट्यातलं रसायन चपखल बसलं!"

मामा तडक बांधावर गेले आणि मुळासकट उपटलेला काटेरी सराटा घेऊन आले. "किती उकळायचा? उद्यापासनंच घेतो."

"तुम्ही? कशाला?"

त्यांनी तोंड फिरवलं. "दिवाळीच्या आधीच मिरजेच्या डॉक्टरनं सांगितलंय. त्योच रोग. ऑपरेशन करून पुरुषपणच काढायचं म्हणतो. म्हटलं, घरात सून औषध शोधती, थांबू की."

मला असा संताप आला! आग लागो त्या रीतीला! ज्या रोगाशिवाय मी दुसरं काही बोलत नव्हते, तो रोज माझ्या हातची भाकरी खात समोर बसला होता.

"आवं मामा, हे औषध न्हाई!" मी किंचाळलेच. "नुसतं पडद्यावर बसलंय. औषध व्हायला वर्षं लागतील, वर्षं!"

ते कितीतरी वेळ तळहातात रुतलेले काटे काढत बसले. मग म्हणाले, "उद्या मिरजेला तूच चल. पोरापुढं मला न्हाई बोलता यायचं."

डॉक्टरांनी एक्सरे उजेडाला धरला. रोग हाडांत उतरला होता. ते चिडून म्हणाले, "अहो, इतके दिवस थांबलात कशासाठी?"

मामांनी माझ्याकडं बोट केलं आणि केवढ्या अभिमानानं म्हणाले, "ही शोधत हुती की."