छत्तीस नको म्हणणारी वच्छला

वच्छला गेल्याचा फोन आला तेव्हा मी मुधोळला भावाकडे होते, ज्वारी निवडत बसले होते. पलीकडून तिची लेक एवढंच म्हणाली, "मावशी, आई गेली…" माझा हात सुपात तसाच राहिला. आता महिना होऊन गेलाय. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात पाच-सहा जण बोलले. बाई शांत होत्या, सोशिक होत्या, आदर्श शिक्षिका होत्या… मला बसल्या जागी राग येत होता. शांत? सोशिक? आमची वच्छला? अहो, साडीचा ओचा खोचून, पायात कॅनव्हासचे बूट घालून तिने गोल्फच्या मैदानावर भल्या भल्या साहेबांना पाणी पाजलं, आणि त्याबद्दल एकाच्याही तोंडातून शब्द निघू नये! म्हणून म्हटलं, आपणच लिहावं.

आदिलाबादजवळ एका सिमेंट कारखान्याची कॉलनी होती. आम्ही दोघी तिथल्या शाळेत शिकवायचो, ती गणित आणि मी मराठी. ती गुडीहत्नूरकडची, बौद्ध घरातली. आईवडील दुसऱ्याच्या रानात कापूस वेचायचे आणि शाळेला सुट्टी असली की तीही त्यांच्याबरोबर ओटीत बोंडं भरायची. मी शेतकऱ्याच्या घरची, बोलायला फटकळ. सरकार आंध्रचं, शाळेत तेलुगू, बाजारात हिंदी आणि स्टाफरूमच्या एका बाकावर आमची मराठी. त्याच स्टाफरूममध्ये एक-दोघांना खोड होती. वच्छलाच्या वर्गाचा निकाल चांगला लागला, की हळूच म्हणायचे, "सवलतीतून आल्या, पण शिकवतात बऱ्या." ती ऐकून न ऐकल्यासारखं करायची आणि वह्या तपासत राहायची. मी मात्र भांडायला उठायचे. मग तीच माझा पदर ओढून मला खाली बसवायची.

कारखान्याने पुढेमागे वाढायला म्हणून मोठी मोकळी जागा घेऊन ठेवली होती आणि साहेब लोकांनी तिथे गोल्फ मांडला होता. गोल्फ म्हटलं की वाचकांच्या डोळ्यांपुढे हिरवंगार गवत येईल, तर ते विसरा. आमच्याकडे मुरूम, तरोट्याची झुडपं आणि नऊ खड्डे. खड्ड्याभोवती हिरवळ असते म्हणे, आमच्याकडे वाळूत जळकं ऑईल कालवून दाबलेला तपकिरी गोल होता. त्याला सगळे 'ब्राऊन' म्हणायचे. एका अंगाला कारखान्याची भिंत, दुसऱ्या अंगाला कापसाचं रान. आम्ही दोघी संध्याकाळी त्या कुंपणाच्या कडेने फिरायला जायचो. कॉलनीच्या दवाखान्यातले डॉक्टर तिथे एकटेच खेळत असायचे. वरंगलकडचे, वयस्कर, बोलायला गोड. आम्ही त्यांना तेलुगू रीतीने डॉक्टरगारू म्हणायचो. एक दिवस त्यांनी गंमत म्हणून वच्छलाच्या हातात काठी दिली. तिने ओचा खोचला आणि असा काही तडाखा दिला की चेंडू आमच्या डोक्यावरून गेला तो गेलाच. डॉक्टरगारू नुसतं म्हणाले, "अय्यो!" तिथून ती खेळायलाच लागली. शाळेतल्या मास्तरांनाही क्लबची मेंबरशिप होती. बाई माणूस खेळू शकत नाही असं कुठे लिहिलेलं नव्हतं, कारण कोणाच्या ते डोक्यातच आलं नव्हतं.

दर हिवाळ्यात क्लबच्या कपाची मॅच व्हायची. वच्छलाला त्यात उतरायचं होतं, पण नियम असा, की ज्याला हँडिकॅप नाही त्याला प्रवेश नाही. हे हँडिकॅप म्हणजे काय ते तिने मला परत येताना, रस्त्यातल्या धुळीत चपलेच्या टोकाने आकडे काढून समजावलं. "हे पाह्य सुमे. आपलं मैदान दोनदा फिरलं की चांगल्या खेळनाऱ्याले सत्तर फटके लागतात. मले लागतात पंच्यान्नव, कधी शंभर. म्हंजे जेवढे वरचे, तेवढी माझी सूट. मॅचच्या दिशी माझ्या फटक्यांतून तेवढे वजा होतात. कच्चा न पक्का, दोघं एका रेघेवर येतात." मी म्हटलं, "मग रोज मुद्दाम वाईट खेळ ना! सूट वाढते." ती हसली. म्हणाली, "वाईट दिवस धरतच नाईत. जेवढी कार्डं भरली त्यातली चांगली तेवढी घ्यायची आन त्यांची सरासरी काढायची. मानूस चांगल्या दिशी कसा खेळतो, ते मोजतात."

आणि आणखी एक गंमत होती. आपलं कार्ड आपण लिहायचं नाही. बरोबर खेळणारा आपले फटके लिहितो, आपण त्याचे, आणि शेवटी दोघांनी सही करायची. झाली का पंचाईत! मास्तरणीबरोबर खेळायला मेंबर कुठून आणायचा? एकाला सासुरवाडीला जायचं होतं, एकाचा गुडघा दुखत होता, एकाने तर सरळ सांगितलं की बायको बोलते. शेवटी डॉक्टरगारूच म्हणाले, "मी येतो अम्मा." तो सगळा पावसाळा, उघाड पडेल त्या रविवारी, ती दोघं मैदानावर असायची. मी कुंपणाबाहेर बाभळीखाली थर्मास घेऊन बसायचे. वच्छलाच्या अंबाड्यात छोटी पेन्सिल खोवलेली असायची. खड्डा झाला की पेन्सिल काढायची, डॉक्टरांचा आकडा लिहायची आणि पेन्सिल परत अंबाड्यात.

कार्डं पुरेशी झाली तशी आम्ही दोघी क्लबच्या सेक्रेटरींकडे गेलो. ते हैदराबादचे, मनाने वाईट नव्हते. त्यांनी कार्डांकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, "अजी बाई, लेडीज को सीधा छत्तीस देते. हिसाब-विसाब की झंझट काय कू?" छत्तीस म्हणजे सगळ्यात मोठी सूट. मला तर कप तिथेच दिसायला लागला. आणि ही बया म्हणते कशी, "नहीं सर. मेरे कार्ड हैं. हिसाब करो, जो निकलेगा वो लिखो." सेक्रेटरींनी कपाळाला हात लावला आणि बसले आकडे मांडत. पंचवीस निघाले. म्हणजे अकरा फटके हिने आपल्या हाताने परत केले.

बाहेर आल्यावर मी तिला अशी झापली की बस. "येडी झाली का तू? तो फुकट देऊन राह्यला तर घे ना गुमान! काऊन आपल्याच पायावर धोंडा पाडून राह्यली?" ती थांबली. तिचा आवाज सहसा चढायचा नाही, त्या दिवशी चढला. "ते छत्तीस माझे नाईत सुमे! त्यायनं कार्ड पाह्यलंच नाई. बाई हाये म्हनून टाकले पदरात. माझे पंचवीस हायेत, मी खेळून काढले. पंचवीस मले पाह्यजेतच, त्यातला एक कमी केला तर मी भांडीन. पन जास्तीचा बी नको." मग जरा चालून गेल्यावर म्हणाली, "आन मोठ्या साहेबाले बारा हायेत ना? दर वर्षी बारा वजा करून कप नेतात. त्यायले कोनी म्हनते का, सवलतीतून आले पन खेळतात बरे?" मी रस्त्यातच हसत सुटले… पण हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. इतकी वर्षं ही वह्या तपासत गप्प बसली होती, ती हे असं सगळं ऐकत होती तर.

मॅचच्या दिवशी थंडी मस्त पडली होती. मोठे साहेब, म्हणजे कारखान्याचे जनरल मॅनेजर, आधीच्या टोळीत खेळून आले. सूट वजा जाता त्यांचे बहात्तर भरले आणि ते खुर्चीवर चहा पीत बसले. वच्छला आणि डॉक्टरगारू शेवटच्या खड्ड्यावर आले तेव्हा हिचे नव्वद झाले होते. मी बोटांवर हिशोब केला. सहा फटक्यांत आटोपलं तर शहाण्णव, त्यातून पंचवीस गेले की एकाहत्तर. कप आपला! सात लागले तर साहेबांशी बरोबरी. आणि छत्तीस घेतले असते तर ही बाई डोळे मिटून जिंकली असती, हे मला त्या क्षणी आठवल्याशिवाय कसं राहील!

पहिलाच फटका वाकडा गेला आणि चेंडू कापसाच्या रानात. वेचणीचे दिवस. बोंडं फुटून सगळं पांढरंशुभ्र, आणि चेंडूही पांढरा! पाच मिनिटांत सापडला नाही तर गेला म्हणायचा. बघायला आलेले दोन-तीन जण मदतीला धावले. ज्याला त्याला चेंडूच दिसत होता आणि ज्याच्या त्याच्या हातात बोंडच येत होतं. वच्छला मात्र रानात शिरली नाही. धुऱ्यावरून, रानाच्या कडेकडेने, ओळीवरून नजर टाकत चालली, वेचणारी बाई चालते तशी. मग आत गेली, एका झाडाची खालची फांदी उचलली आणि हाक मारली, "सापडला!" मी कुंपणाबाहेर उड्या मारायला लागले. डॉक्टरगारू तेवढ्यात आपला चेंडू खेळायला पुढे गेले होते, मदतीला आलेलेही पाठ फिरवून ब्राऊनकडे निघाले होते. हिने तिथल्या तिथे काठी फिरवली, ती कापसाच्या पळाटीत अडकली आणि चेंडू जागचा हलला नाही. पुन्हा मारला तेव्हा कुठे बाहेर आला. ते मी पाहिलं, दुसऱ्या कोणीच नाही. मग एक फटका अर्ध्यातच पडला, पुढच्याने चेंडू ब्राऊनवर आला.

डॉक्टरगारूंनी कार्ड काढलं. "चार झाले ना अम्मा?" ही म्हणाली, "पाच. कापसात एक वाया गेला." "मी नाही पाहिला." "मी पाह्यला ना." मी कुंपणावरून ओरडले, "वच्छे, कोन विचारून राह्यलं तुले!" तिने मागे वळून माझ्याकडे अशी काही नजर टाकली की मी पदर तोंडात कोंबला. आता तिच्याकडे एकच फटका उरला होता, आणि खड्डा चांगला अंगणभर लांब. साहेब चहा ठेवून उठून आले होते. ती वाकली, वाळूकडे पाहिलं, चेंडूला हळूच ढकललं… तो आपला रमतगमत गेला, काठाशी आल्यावर आता थांबतो की काय असं वाटलं, आणि आत पडला! मी कुंपणाच्या तारेतून आत घुसले, पातळ टराटरा फाटलं, फाटू दे म्हटलं. डॉक्टरगारू काठी वर करून नाचत होते. साहेबांनी पुढे येऊन तिचा हात हातात घेतला, आणि खरं सांगायचं तर मनापासून घेतला. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये पेढे मी वाटले. ती खोड असलेल्या दोघांना दोन-दोन दिले.

शेवटची भेट आदिलाबादच्या तिच्या घरी झाली. पार वाळून गेली होती. उशीजवळच्या गोळ्या बघून मला रडू आलं तर मलाच दटावते, "रडून काऊन राह्यली? वाईट दिवस धरायचे नसतात, सांगतलं होतं ना तुले?"

कार्यक्रम झाल्यावर तिच्या लेकीने मला आईची आठवण म्हणून ती पेन्सिल दिली. आता पार थोटूक झालीय. दोघी मिळून कॉलनीत गेलो. क्लबच्या खोलीत विजेत्यांच्या नावांचा लाकडी फळा अजून आहे. वरच्या तीन ओळींत मोठ्या साहेबांचं नाव, आणि त्याखाली सगळ्या पुरुषांच्या नावांमध्ये तिचं. तिथे एक नवे अधिकारी होते, चांगलेच वाटले. फळा वाचून कौतुकाने म्हणाले, "वा, मॅडम जीती थीं! इनको कितनी छूट मिली थी?" मी म्हटलं, "जितनी बनती थी, उतनी. पच्चीस."

ते चहा सांगायला बाहेर गेले. मी अंबाड्यातून पेन्सिल काढली आणि तिच्या नावापुढे बारीक अक्षरांत पंचवीस लिहिले. लेक म्हणाली, "मावशी, कोणी पाहील ना!" म्हटलं, पाहू दे. मग खुर्ची ओढली, तिच्यावर चढले आणि वरच्या तिन्ही ओळींत साहेबांच्या नावापुढे बारा, बारा, बारा लिहूनच खाली उतरले.