घडीचा जोडीदार

अमेरिकेतल्या टोलेडो शहरातल्या एका रुग्णालयाच्या धुलाईघरात ग्लेन हॅवरकँप हा एकटाच गोरा कामगार होता; बाकी सगळे कृष्णवर्णीय. मक्याच्या शेतांत वाढलेला हा माणूस पहिल्या दिवशी जेवायला बसला, तेव्हा टेबलावरचे बोलणे थांबले होते. त्याने बटाट्याच्या कोशिंबिरीचा डबा उघडला आणि म्हणाला, "आम्हा गोऱ्यांच्यात मीठ पडलं की सणाचा स्वयंपाक." तिथली सर्वांत जुनी कामगार व्हर्लीन टब्ज हसली, मग इतरही हसले. तेव्हापासून स्वजातीची थट्टा हाच त्याचा त्या टेबलावरचा परवाना झाला.

घोंगड्यांच्या घड्या दोघांनी घालायच्या. ते काम त्याला व्हर्लीननेच शिकवले. समोरासमोर उभे राहायचे, चालत जवळ यायचे, टोके एकमेकांच्या हाती द्यायची, पुन्हा मागे सरायचे. अशी वर्षे गेली. त्याची बायको वारली, तेही त्याने आधी घोंगडीच्या पलीकडे उभ्या असलेल्या व्हर्लीनलाच सांगितले.

मग मुकादमाची जागा रिकामी झाली. ती व्हर्लीनची, हे सगळे धरूनच चालले होते. व्यवस्थापकाने वर बोलावले ते ग्लेनला.

"घेशील ना?"

व्हर्लीनचे नाव त्याच्या ओठांपर्यंत आले. पण समोर गोरा माणूस बसला होता, आणि गोऱ्या माणसासमोर गोऱ्यांविषयी तो कधी काही बोलला नव्हता.

"घेतो," तो म्हणाला.

दुपारी डबा उघडताना त्याने नेहमीचा सूर लावला. "बघा, पुन्हा गोऱ्यालाच. आमची जातच मेली तसली."

कोणी हसले नाही. व्हर्लीनने सावकाश तोंड पुसले.

"हे वर म्हणालास?"

तो डब्यात पाहत राहिला.

"माझं नाव तरी काढलंस का रे?"

"त्यांनी विचारलंच नाही, व्हर्लीन."

"बरं," ती म्हणाली, आणि हसली. इतकी वर्षे हसत आली होती तशीच, तेवढीच. ते हसू आपण कधी नीट पाहिलेच नव्हते, असे त्याला वाटले.

जेवणानंतर सवयीने त्याने घोंगडीची दोन टोके उचलली.

"राहू दे," ती म्हणाली. "मुकादम घड्या घालत नाहीत."

तिने त्याच्या हातातून टोके काढून घेतली, घोंगडीची कड हनुवटीखाली दाबली आणि एकटीच घडी घालू लागली. दुसरी बाजू जमिनीवर लोळत होती. ती उचलायला तो वाकला, तशी व्हर्लीन एक पाऊल मागे सरली.